माझ्या नावची माफी

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, येतंय ऐकू. बोल.

कॉलेजातच आहे. विभागाच्या दाराबाहेर, बाकावर… नाही, अजून बोलावलं नाही. आत समिती बसली आहे… समिती म्हणजे काय गं, तीन माणसं आणि एक पाण्याचा जग. मधूनमधून हसल्याचा आवाज येतो. माझ्यावर हसत नसावेत, इतकी काही मी महत्त्वाची नाही.

हो, जेवले… बरं बाई, नाही जेवले. पण तू कामाच्या वेळात फोन केलास तो माझ्या जेवणाची चौकशी करायला नाही. बोल ना, काय म्हणायचंय ते.

नाही.

नाही, ताई. त्या कबुलीवर मी सही करणार नाही.

अगं, ऐक ना… ऐकून तर घे… हो, हो, हो. वर्ष वाया जाईल, ठाऊक आहे. सही केली तर काठावर पास, निबंध रद्द, प्रकरण मिटलं. नाही केली तर विषयच रद्द आणि पुढच्या वर्षी पुन्हा याच बाकावर. कालपासून इतक्या जणांनी समजावून झालंय की मला आता झोपेतही म्हणून दाखवता येईल.

तुला नीट माहीतच नाही काय झालंय. टपालने सांगितलं ते अर्धं… मग दुसरं कोण सांगणार? माझ्याच खोलीत राहते, माझ्याच कपातून चहा पिते आणि बातमी मात्र तुला! तिला सगळ्या मजल्यावर टपाल म्हणतात ते उगाच नाही. न लिहिलेलं पत्रसुद्धा पोचवून येते.

सांगते. शांतपणे सांगते, तुमच्या तक्रार विभागात सांगतात तशी.

निबंध लिहायचा होता. विषय आपला आपण निवडायचा. मी घेतला, 'विद्यार्थी दिवसभरात काय काय लिहितात'… हो, हाच. वह्यांमधलं नाही गं, ते सोड. बाकीचं. बाकावर कोरलेलं, हातावर गोंदल्यासारखं लिहिलेलं सूत्र, न्हाणीघराच्या दारावरच्या चिठ्ठ्या, अर्धा लिहून न पाठवलेला निरोप. परीक्षेत उत्तर सुचेना की कोपऱ्यात काढलेली घरं… घरंच काढतात सगळे, खरंच. झाडं कुणी काढत नाही. मी बघितलंय.

तर कॉलेजचा नियम असा, की निबंध त्यांच्या संगणकावरच्या त्या लेखनखिडकीतच उतरवायचा. ती खिडकी सगळं टिपून ठेवते. कुठे थांबलीस, काय खोडलंस, कुठलं वाक्य उचलून कुठे नेलंस. आणि माझ्या बाबतीत तिला टिपायला काही मिळालंच नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, नदी वाहावी तसं एका दमात. खोडणं नाही, अडखळणं नाही. विभागप्रमुख सर म्हणाले, "माणूस असा लिहीत नाही."

म्हणजे काय म्हणजे? म्हणजे यंत्राकडून लिहून घेतलं, नाहीतर कुणाकडून तरी, आणि समोर ठेवून उतरवलं.

हो… हो, दिसतं तसंच. दिसतं तसं, हे मीही नाकारत नाही. पण ताई, तू तरी असं म्हणू नयेस. एका खाटेवर झोपलोय आपण इतकी वर्षं. मी अंधारात पुटपुटायचे आणि तू उशी फेकून मारायचीस… हां, तेच! 'जप बंद कर, जोगिणी!' अगं, तो जप नव्हता. ते लिहिणं होतं. आजही तसंच आहे. आमच्या वसतिगृहाच्या मागच्या जिन्यावर मुली चादरी वाळत घालतात, त्यांच्यामधून मी येरझाऱ्या घालते. एक वाक्य तोंडात धरायचं. घोळवायचं. टोचलं की मोडायचं, पुन्हा जुळवायचं. टोचेनासं झालं की मगच पुढचं. सगळी खाडाखोड जिभेवर होते. टाइप करायला बसते तेव्हा लिहून केव्हाच झालेलं असतं. मी फक्त ओतते.

कविता नाही करत. वस्तुस्थिती सांगते आहे.

तेच सांगितलं त्यांना. सर म्हणाले, "पुरावा?" आता ओल्या चादरींना साक्षीला बोलवू?

आणि त्यांना नेमकं काय खटकलं माहीत आहे? फ्रिजचा परिच्छेद. वसतिगृहातल्या सामाईक फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांचा. 'हे दूध माझं नाही, पण तुझंही नाही.' हे मी टिपलं होतं. त्याखाली दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, 'मग ते एकटंच नासू दे.' ताई, त्या दोन ओळींत सगळा मजला राहतो! मी तेवढंच म्हटलं होतं, की एकमेकींशी न बोलणाऱ्या मुली फ्रिजच्या दारावर बोलतात, आणि दार उघडलं की दोघींची भाषा एकदम थंड हवेत जाते. तर सर म्हणतात, "हे तुझ्या वयाला पेलणारं निरीक्षण नाही." वयाला! अरे, दूध माझं होतं!

हस… हस तू. मलाही हसू येतंय.

काय?… कोणी सुचवलं हे?… टपालच. तरी म्हटलं.

नाही, ते मी करणार नाही. ऐक, ते काय आहे ते तरी तुला कळलंय का? आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी आहे, तिला सगळ्या खाडाखोड म्हणतात. तिचा उद्योगच तो. मुली निबंध आणतात यंत्राकडून, आणि ही खिडकीत बसून तो अडखळत टाइप करून देते. तिसऱ्या ओळीला थबकते. एक शब्द चुकवते, खोडते, पुन्हा तोच लिहिते. पाचव्या परिच्छेदाशी आली की उठून चहा प्यायला जाते, म्हणजे खिडकीला वाटतं, चिंतन चाललंय. अगं, अर्धा वर्ग तिच्या अडखळण्यावर पास झालाय! एकीच्या निबंधावर तर सरांनी शेरा दिला, "विचारप्रक्रिया प्रांजळ." प्रांजळ! ती विचारप्रक्रिया त्या वेळी चहात बिस्कीट बुडवत होती.

आणि मी तिच्याकडे जाऊ? माझाच निबंध घेऊन? माझंच वाक्य मला सुचत नाहीये, असं तिच्याकडून नाटक करून घेऊ?… नाही, ताई, 'सगळेच करतात' हे मला नको सांगूस. सगळे करतात म्हणूनच तर खरं लिहिणारी चोर ठरली.

हळूच बोलते आहे… हो, आत ऐकू जात नाही. इथे फक्त कार्यालयातले काका आहेत. ते स्टूलवर बसून कबुलीच्या कोऱ्या कागदाने वारा घेताहेत.

आईला मध्ये आणू नकोस. आईला काय सांगायचं ते मी सांगेन.

बरं, ते राहू दे. एक विचित्र गोष्ट झाली मघाशी. विभागप्रमुख सर आत जाताना माझ्यासमोर थांबले. गेले चार दिवस माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहत होते, आणि आज चक्क हसले. म्हणाले, "तुझा मेल वाचला. बरं वाटलं. बघ, स्वतःच्या भाषेत किती मनापासून लिहितेस तू!" मी तोंड उघडेपर्यंत आत गेलेसुद्धा. मला कळेचना. मी कुठे मेल…

ताई?

ताई, तू गप्प का झालीस?

हॅलो?… नेटवर्कला नको दोष देऊस. तुझ्यामागे ती तुमची छपाईची मशीन कुरकुरते आहे, ती स्पष्ट ऐकू येतेय मला… ताई, कुठला मेल?

थांब. बोलू नकोस. उघडते मी.

…

'महोदय, माझ्या वर्तनामुळे विभागास झालेल्या मनस्तापाबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे.' हे कोणी लिहिलं? 'सदर प्रकार अनवधानाने घडला असून, भविष्यात असा प्रसंग उद्भवणार नाही, याची मी ग्वाही देते.' ग्वाही! ताई, मी आयुष्यात कुणाला कधी ग्वाही दिली आहे का? 'आपल्या संयमाबद्दल व सहकार्याबद्दल आभारी…' अगं, हे वॉशिंग मशीनचं आहे! पाणी गळतं म्हणून बायका तुम्हाला चिडून लिहितात, त्यांना तुम्ही पाठवता ते हे! फक्त मशीनच्या जागी मला बसवलंस!

कसं पाठवलंस?… प्रवेशाच्या वेळी तूच ते खातं उघडून दिलं होतंस, हो. आणि मी पासवर्ड कधी बदलला नाही. का बदलेन? तुझ्यापासून काय लपवायचं होतं मला?

काल रात्री?… झोप येत नव्हती म्हणून. वा. झोप येत नाही म्हणून लोक पाणी पितात, कूस बदलतात. तू मला गुन्हेगार केलंस.

नाही, थांब, मला हसू दे. मला खरंच हसू येतंय. माझ्यावर आरोप काय? की दुसऱ्याकडून लिहून घेते. माझा निबंध, माझ्या तोंडच्या वाफेवर वाफवलेला, तो त्यांना परका वाटतो. आणि तुझी ही ग्वाही वाचून त्यांना माझा आवाज ऐकू आला! 'किती मनापासून लिहितेस तू!' अगं ताई, माझ्या नावावर दुसऱ्या कुणी लिहिलेली आजवरची एकमेव गोष्ट म्हणजे ही माफी. आणि तेवढीच त्यांनी माझी म्हणून मान्य केली.

…

नाही. चांगल्या हेतूने केलंस हे मला मान्य आहे. हेतूवर नाही रागावले मी.

काय म्हणालीस? पुन्हा म्हण… 'माफी मागून माणूस लहान होत नाही.' केलेल्या गोष्टीची मागितली तर नाही होत. न केलेल्या गोष्टीची मागितली की होतो, ताई. थोडाथोडा होतो, साबणाच्या वडीसारखा, हातात असेपर्यंत कळतही नाही. तू रोज होत आलीस. मशीन बनवणारा कुणी, विकणारा कुणी, आणि दिलगीर मात्र तू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू दिलगीर. मी सुट्टीत घरी आले होते, तेव्हा माझ्या हातून कप फुटला आणि 'सॉरी' तू म्हणालीस! आठवतं?

…ताई?

रडतेस?

नाही… मागे नाही घेणार मी ते. आवाज जरा जास्त चढला, एवढं कबूल. पण बोलले ते मागे नाही घेणार… हो. हो गं. नाक पूस. कुणी बघत असेल तर सर्दी झाली म्हण.

आता बघ मला कुठे आणून ठेवलंस. अडकित्त्यातली सुपारी झाले मी. आत जाऊन म्हटलं, की तो मेल माझाच, तर गुन्हा कबूल. म्हटलं, की तो मी लिहिला नाही, तर सर काय म्हणतील? "म्हणजे तुझ्या नावाने दुसरं कुणी लिहितं, हे तूच सांगतेस!" झालं. दोन्हीकडून पातं.

गप्प बसू म्हणतेस? नुसतं आत जायचं, मान खाली घालायची, सही करायची, बाहेर यायचं. मेल पोचलेलाच आहे, बाकीचं तोच करील… सोपं आहे, हो. इतकं सोपं, की माझ्याशिवायही होईल. मग मी कशाला जाऊ? काकांनाच पाठवते.

एक विचारू? खरं सांगशील? तुला खात्री आहे ना, की निबंध मीच लिहिला?

…

इतका वेळ का लागला तुला?

'खात्री आहे म्हणूनच भीती वाटली.' म्हणजे?… हं… हं… बरं. म्हणजे मी चोर असते, तर माफी मागून मोकळी झाले असते, म्हणून काळजी नव्हती. मी खरी आहे म्हणून वाकणार नाही, आणि मोडेन. असंच ना?

काय?… नाही, आठवत नाही… कुठला पंखा?… शाळेतला निबंध? 'माझी खोली'?… अगंबाई! ते तुला अजून आठवतंय?

म्हण. म्हण ना… 'पंखा छताला धरून गरगरतो, कारण सोडलं तर तो आमच्या अंगावर पडेल.' हो, हे लिहिलं होतं मी! बाईंनी लाल रेघ मारली होती खाली… आणि त्याच्याआधी काय?… 'पंखा वटवाघळासारखा उलटा झोपतो'?… आणि 'पंख्याला घरी जायचंय, पण रस्ता गोल आहे'?

ताई… ताई, हे मी लिहिलंच नव्हतं. हे मी टाकून दिलं होतं. अंधारात, तुझ्या कानाशी. हे कुठल्याही वहीत नाही.

नाही, नाही, थांब. थांब जरा. बोलू नकोस, मला विचार करू दे… तुला माझं टाकलेलं आठवतं. उशी फेकणाऱ्या तुलाही आठवतं. मग मला?… अगं, मला सगळं आठवतं! प्रत्येक वाक्याच्या आधीची मोडलेली वाक्यं. फ्रिजचं दार आधी दार नव्हतंच. आधी तोंडात होतं, 'फ्रिज हा आमच्या मजल्याचा फळा आहे.' ते फार शाळकरी वाटलं. मग 'फ्रिजच्या पोटात उजेड आहे आणि पाठीवर भांडणं.' ते आवडलं होतं, दोन दिवस जपलं. पण त्यात मुलीच नव्हत्या, नुसता फ्रिज होता. म्हणून मोडलं. मग थंड हवा आली. ती कशी आली माहीत आहे? त्या वेळी मी दार उघडं धरून उभी होते, आणि वॉर्डन ओरडल्या, "दार लाव, विजेचं बिल काय तुझा मामा भरतो?"

समोर ठेवून उतरवणाऱ्याला उतरवलेलं ठाऊक असतं, ताई. टाकलेलं नसतं. विकत घेतलेल्या निबंधाला मागची खोली नसते. खाडाखोड अडखळेल, पण ती कशावर अडखळली हे तिला सांगता येणार नाही. मला येईल. परिच्छेद कुठलाही विचारू देत.

पटतील की नाही?… कुणास ठाऊक. नाहीही पटणार. सर म्हणतील, रात्रभर बसून हेही रचलंस. म्हणू देत. मग मी म्हणेन, रचलं म्हणता ना, मग लिहिता येतं मला, एवढं तरी कबूल करा!

हो, वर्ष जाऊ शकतं. जाऊ दे. गेलं तर माझं जाईल, माझ्या बोलण्याने जाईल.

आलेच हो काका!… ताई, बोलावताहेत.

काय?… नाही. तू फोनवरून त्यांच्याशी बोलायचं नाहीस… अगं, मला कळतंय, तू सगळा दोष स्वतःवर घेशील. रडशीलही. सर विरघळतील. पण मग पुन्हा तेच होईल ना. माझ्या वतीने तू… नाही. तुझ्या शेकडो माफ्यांत आणखी एक नको. आणि माझी बाजू मांडायला मला तोंड आहे. तेच तर सिद्ध करायचंय.

ऐकायचं असेल तर ऐक. फोन हातात धरते. पण एक अक्षर बोलायचं नाही. उशीही फेकायची नाही.

नको काका, कागद तुमच्याकडेच असू द्या. उकडतंय.

…

नमस्कार, सर… नमस्कार, मॅडम… नको, उभी राहते. मला उभ्यानेच सुचतं.

त्या मेलबद्दलच बोलायचं आहे, सर. तो मी लिहिलेला नाही.

हो, सर. त्याचा अर्थ तुम्ही काय काढाल, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून सांगते आहे. ती माफी माझी नाही, म्हणून मी ती परत घेते. निबंध माझा आहे. तो नाही परत घेत.

कोणी लिहिला?… माझ्या नापास होण्याची माझ्यापेक्षा जास्त भीती ज्या माणसाला वाटते, त्याने. त्याला शिक्षा द्यायची असेल, तर ती भोगून झाली आहे त्याची. नाव सांगणार नाही.

सही नाही करणार, मॅडम… विचार केला आहे. पुष्कळ.

नाही सर, उद्धटपणा नाही. तुम्ही म्हणालात, की माझ्या लिहिण्यात कुठे खोडलेलं दिसत नाही. बरोबर आहे, दिसत नाही. पण आहे. निबंध तुमच्यासमोर आहे ना? कुठल्याही वाक्यावर बोट ठेवा. त्याच्याआधी तिथे काय होतं आणि ते मी का मोडलं, ते मी सांगते. हातात कागद नाही, बघा… हा? हा फोन आहे. चालू आहे, हो. माझी मोठी बहीण ऐकते आहे… नाही, ती बोलणार नाही. मीच बोलणार आहे.

कुठलं म्हणालात? शेवटचं?… नको ना सर, शेवटापासून नको. पहिल्यापासून धरू. पहिलं वाक्य मी सर्वांत जास्त वेळा मोडलं आहे.

बसा ना, मॅडम. तुम्ही का उभ्या राहता?

ताई, ठेवते मी. वेळ लागेल.